इतर स्त्री नातेवाईक

बाळंतपणाची तयारी आमच्या लेकीनं केली आणि परवाना मला काढावा लागला. बाळंतपणाला परवाना कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्यावर खिडकीतल्या कारकुनानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मी विनापरवाना बाळंत व्हायला निघालोय.

पण ते नंतरचं. आधी लेकीचं सांगतो. छोटी आमची एकुलती एक. 'छोटी' हे नाव ती दीड वितीची असताना पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आता ती माझ्याहून चार बोटं उंच आहे आणि शहरात बारा मीटर लांबीची बस चालवते. सातवा महिना लागल्यावर डेपोनं तिला चाकावरून उतरवून ड्यूट्या लावायच्या टेबलावर बसवलं. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. जावई तारखेच्या दोन आठवडे आधी सुटीवर येणार होता. तशी त्याच्या साहेबाची लेखी मंजुरी होती, आणि लेखी गोष्टींवर माझा विश्वास आहे. चौतीस वर्षं मी सरकारात लिफ्ट तपासनीस होतो. कागदावर सही असल्याशिवाय माणसानं वर जाऊ नये, या मताचा मी आहे.

डॉक्टरीणबाईंनी छोटीला तपासून सांगितलं, "सगळं छान आहे. नैसर्गिक बाळंतपणाला काही हरकत दिसत नाही. तयारी करा."

तयारी म्हणजे क्लास, असा अर्थ मी आणि आमच्या हिनं काढला. गावात तसा एक क्लास होता. छोटी एकदा जाऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "पुन्हा नाही जाणार."

"का गं? काय शिकवलं?" हिनं विचारलं.

"श्वास कसा घ्यायचा ते."

"मग?"

"एकतीस वर्षं घेतेय की, आई."

क्लासमध्ये म्हणे श्वासाचे चार प्रकार होते, प्रत्येकाला नाव होतं, एक जाडजूड फाईल होती आणि सगळ्यांनी जोडीनं बसायचं होतं. नवरा समुद्रात आहे म्हटल्यावर क्लासच्या बाईंनी छोटीला एक उशी दिली आणि म्हणाल्या, "यांना टेकून बसा." छोटी तासभर उशीला टेकून बसली. नवऱ्यापेक्षा उशी बरी होती, असं ती म्हणाली, पण पुन्हा गेली नाही.

त्याऐवजी तिनं ड्यूटीच्या कागदामागे पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या आणि फ्रिजला चिकटवल्या. रोज चालायचं. रोज उकिडवं बसायचं. पोटभर झोपायचं. आत काय काय होतं ते डॉक्टरांना विचारून समजून घ्यायचं. आणि खाली, थोडी जागा सोडून, पाचवी ओळ: 'न घाबरणारं एक माणूस सोबत.'

"एवढंच?" मी म्हटलं. "याला पद्धत म्हणत नाहीत."

"नाहीच म्हणत," ती म्हणाली.

मला हे झेपेना. पद्धत नसेल तर तपासायचं काय? लिफ्टला एकोणचाळीस कलमी तपासणी असते आणि इथे आख्खं माणूस जन्माला यायचंय, त्याला पाच ओळी, त्याही पेन्सिलीनं. पण छोटीचं एक आहे. ती वाद घालत नाही. ती फक्त करते. सकाळी सहाला उठून नदीकाठानं पूल ओलांडून परत. संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उकिडवं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग पंधरा. डॉक्टरीणबाईंकडे जाताना प्रश्न लिहून न्यायची आणि उत्तर कळेपर्यंत खुर्चीवरून उठायची नाही. बाहेरच्या बायका घड्याळं बघत बसायच्या.

शेजाऱ्यांना हे फार दिवस कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "भावोजी, या दिवसांत जिना म्हणजे शत्रू. तिला चढू देऊ नका." खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "जिना चढलाच पाहिजे. जिना चढणाऱ्या बायका हसत हसत बाळंत होतात." दोघांचं आमच्या पायपुसण्यावर उभं राहून पाऊण तास वाजलं. मुख्याध्यापक ब्रह्मचारी आहेत हे काकूंनी दोनदा निदर्शनास आणून दिलं. छोटी दोघांचंही ऐकून घेत होती. बसमध्ये कुणी 'इथेच थांबवा' म्हणून ओरडलं की ती जशी 'हो, पुढच्या थांब्याला' म्हणते, तशी ती दोघांना 'हो हो' म्हणाली आणि त्यांच्यामधून वाट काढून जिन्यानं फिरायला निघून गेली.

'न घाबरणारं माणूस' म्हणून हिची नेमणूक झाली होती. जावई बाळाच्या आधी पोचला तर तो, नाही तर ही. हिचा स्वभाव मुळातच न घाबरण्याचा आहे. घाबरायचं काम घरात मी बघतो. तेव्हा सगळं ठरल्यासारखं होतं. पण एका संध्याकाळी छोटी उकिडवी बसलेली पाहून हिला स्फुरण चढलं. "यात काय मोठंसं आहे," असं म्हणून हीसुद्धा शेजारी बसली. बसली छान. उठताना मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला. आधाराला हिनं टॉवेलची दांडी धरली. ती दांडी मी स्वतः बसवली होती, आणि तिची भारक्षमता एक टॉवेल एवढीच होती. दांडी, दोन फरश्या आणि ही, तिघंही एकदमच खाली आली.

घोटा मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. छोटीच्या तारखेला पाच आठवडे होते.

"काही हरकत नाही," मी म्हटलं. "जावई येतोच आहे."

तीन आठवड्यांनी जावयाचा फोन आला. समुद्रावर वादळ होतं आणि हेलिकॉप्टर उडत नव्हतं. आज नाही, उद्या नाही, कधी ते कुणी सांगेना. पलीकडून बिचाऱ्याचा आवाज इतका पडलेला होता, की छोटीच त्याला धीर देत होती. फोन ठेवून तिनं फ्रिजवरच्या पाचव्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही याल?"

"येणार म्हणजे काय? मी बाहेर बाकावर असणारच आहे."

"बाहेर नाही. आत."

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं प्लास्टरकडे पाहिलं. मी सांगितलं की मला रक्त बघवत नाही, मला बायकांच्या गोष्टींतलं कळत नाही, आणि मी न घाबरणारा नाही हे तर घरात सर्वश्रुत आहे.

"घाबरलात तरी चालेल," छोटी म्हणाली. "दाखवू नका म्हणजे झालं. मला कुणीतरी माझं हवंय तिथे."

 मी म्हटलं, "बरं." तोंडातून निघालेल्या त्या एका शब्दानं माझी पुढली दोन आठवड्यांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. प्रसूतीकक्षात सोबती म्हणून जायला अर्ज भरावा लागतो. अर्जात 'नाते' या शब्दापुढे पाच चौकटी होत्या: पती, आई, सासू, बहीण, इतर स्त्री नातेवाईक. मी समासात नीट अक्षरात 'वडील' असं लिहिलं आणि अर्ज आत सरकवला.

"समासातलं वाचलं जात नाही," कारकून म्हणाला.

"मग चौकट काढून द्या."

"चौकटी वरून येतात."

"आत पुरुष चालत नाही का?"

"चालतो ना. पती चालतात."

"पती पुरुषच असतात."

"पुरुष चालतो," तो शांतपणे म्हणाला, "वडील चालत नाहीत. आजवर कुणी मागितलंच नाही."

मी चौतीस वर्षं सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत. हेच वाक्य मी स्वतः किती लोकांना ऐकवलं असेल. पण खिडकीच्या बाहेरून ते इतकं लागतं याची कल्पना नव्हती. मी ताठ मानेनं अधीक्षकांच्या खोलीकडे गेलो. ते बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी गेलो, ते फेरीवर होते. तिसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तत्त्वतः मला मान्य आहे. पण संगणक घेणार नाही."

शेवटी प्रसूतीकक्षाच्या मोठ्या सिस्टरना बोलावलं. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मुलीनं स्वतः मागितलंय का तुम्हाला?"

"हो."

"मग येऊ द्या की साहेब. धरायला हात लागतो. तो कुणाचा आहे, हे तिनं ठरवायचं."

असा निकाल लागला आणि मला परवाना मिळाला. तो अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर छापलंय: 'नाते: इतर स्त्री नातेवाईक. शेरा: पुरुष.'

परवान्यासोबत अट होती. सोबत्यांनी एक फिल्म बघायची. एका खोलीत आम्ही सात जण, बाकीचे सगळे तरणेताठे नवरे. वीस मिनिटांची फिल्म. मी ती संपूर्ण पाहिली, हे मला इथे नमूद करायचंय. दिवे लागले तेव्हा लक्षात आलं, की मी शेजारच्या अनोळखी नवऱ्याचा हात घट्ट धरून बसलो होतो. किंवा त्यानं माझा. याबाबत आमच्यात मतभेद आहेत.

मग घरी सराव सुरू झाला. छोटीनं दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे कंबर दाबायची. तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर टेकवून पूर्ण वजन द्यायचं. मी दिलं. "बाबा," ती म्हणाली, "लिफ्टचं बटण नाही दाबायचंय." तेव्हापासून मी रोज सकाळी कपाटावर सराव करू लागलो. चार दिवसांत कपाट भिंतीत गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यासोबत सावकाश श्वास सोडायचा, लांब, तोंडानं. "मी विसरले तर तुमचा ऐकून मला आठवेल," ती म्हणाली. क्लासमधले चार प्रकार सोडून तिनं हा एकच ठेवला होता, आणि त्याला नाव दिलेलं नव्हतं.

हा श्वास मी जिन्यातल्या कठड्याला धरून करत असे, कारण घरात केला की हिला हसू यायचं आणि हसलं की घोटा दुखायचा. एकदा सकाळी मी असाच कठडा धरून, डोळे मिटून, लांब 'हूऽऽ' करत होतो. मुख्याध्यापक खालून वर येत होते. त्यांनी मला पाहिलं आणि आल्या पावली परत खाली गेले. दहा मिनिटांत अँब्युलन्स आली.

"मला काही झालेलं नाही," मी त्या दोघा स्ट्रेचरवाल्यांना सांगितलं.

"सगळे असंच म्हणतात काका. बसा."

"मी बाळंतपणाचा सराव करतोय."

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. त्यानंतर ते माझ्याशी फारच गोड बोलायला लागले. अखेर छोटी बाहेर आली. तिचं पोट पाहिल्यावर त्यांना थोडाफार उलगडा झाला. तरी गाडी रिकामी परत न्यायची तर कागद लागतो, म्हणून 'मी आजारी नाही आणि मला दवाखान्यात न जाण्याचे परिणाम माहीत आहेत' असं मला लिहून द्यावं लागलं. चारही मजल्यांवरची माणसं कठड्याला टेकून बघत होती. काकूंनी वरून विचारलं, "भावोजी, कळा सुरू झाल्या का?"

तारखेच्या चार दिवस आधी, सकाळी आठला, छोटी चहात पाव बुडवता बुडवता म्हणाली, "बाबा, आज."

माझा कप बशीत आडवा झाला. मी वही काढली, पेन काढलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. छोटीनं पाव संपवला. मग म्हणाली, "अजून खूप वेळ आहे. मी अंघोळ करते आणि जरा पडते." आणि ती खरोखर झोपली. दर दहाएक मिनिटांनी कळ आली की कुशीवर वळायची, उशी छातीशी धरून लांब श्वास सोडायची आणि कळ ओसरली की पुन्हा झोपायची. मी दारात वही घेऊन उभा. बसायला मला सुचलंच नाही. साठी उलटलेला मी, तपासणीच्या आदल्या रात्री कधी झोपलो नाही, आणि ही माझ्याच पोटची पोर. हे तिनं कुठून आणलं असेल?

अकराला ती उठून म्हणाली, "चला." जावयाला निरोप धाडला, तो अजून विहिरीवरच अडकलेला होता. हिनं खुर्चीतूनच छोटीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि सोडलं. मला म्हणाली, "तुम्ही फार बोलू नका."

टॅक्सीत छोटी मागच्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला मिठी मारून बसली होती. टॅक्सीवाला घाबरून चौकात चुकीच्या लेनमध्ये घुसला. छोटीनं कळ संपू दिली आणि म्हणाली, "डावीकडून घ्या. पुढे रस्ता खणलाय. आणि हॉर्न नका वाजवू, कुणी बाजूला होत नाही त्यानं." त्यानंतर तो तिच्या हुकुमानंच चालवत होता.

प्रसूतीकक्ष तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं आणि माझी नजर सवयीनं आतल्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर गेली. मुदत संपून अकरा महिने झाले होते. शिवाय लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली होती.

"या लिफ्टनं जाता येणार नाही," मी म्हटलं.

"रोज शेकडो माणसं जातात," लिफ्टमन म्हणाला.

"ती नशिबानं जातात."

हे शब्द बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय करून बसलोय. शेजारी लेकीला कळा येतायत आणि मी कलम सांगतोय. पण तोंडातून 'बरं, चला' काही निघेना. छोटी भिंतीला कपाळ टेकून उभी होती. श्वास पुरा झाल्यावर तिनं विचारलं, "खरंच धोका आहे?"

"खरंच सांगायचं तर मला माहीत नाही. तपासलेली नाही, एवढं माहीत आहे."

"मग जिन्यानं जाऊ. नाही तरी मला उभंच बरं वाटतंय."

सहा वळणं. प्रत्येक वळणावर ती कठडा धरून कंबर हलवत उभी राहायची, आणि मी मागून कपाटावर शिकलेला जोर लावायचा. चौथ्या वळणावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "छोटी, माफ कर गं." ती म्हणाली, "बाबा, खाली. जरा खाली दाबा."

वर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. "लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे," मी म्हटलं. "तोच प्रश्न आहे."

त्यांनी छोटीला तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "जिना कुणाची कल्पना?" मी बोलणी खायला खाली मान घातली. "बरी होती," एवढं म्हणून त्या गेल्या.

पण त्यानंतर दोन तास गाडी हलेना. कळा येत होत्या, जात होत्या, पुढे काही सरकत नव्हतं. एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, "सलाईनमधून कळा वाढवू या. उगाच रेंगाळायला नको."

छोटीनं डोळे उघडले. केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. डेपोत बदलीच्या ड्रायव्हरला विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "बाळाचे ठोके कसे आहेत?"

"उत्तम."

"माझं काही बिघडलंय?"

"नाही. तसं काही नाही."

"मग मला एक तास द्या. त्यात ठोके उतरले तर सलाईन लावा, ऑपरेशन करा, मी काही म्हणणार नाही. हट्टासाठी नाही आलेली मी. पण आत्ता मला चालायचंय."

डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी ते पुरुषी घड्याळ पाहिलं. "एक तास," त्या म्हणाल्या, "दर थोड्या वेळानं मी ठोके ऐकणार."

मी साहेबांसमोर, ठेकेदारांसमोर, एकदा मंत्र्यांच्या लिफ्टसमोरसुद्धा उभा राहिलोय. माझ्या बाजूनं कायदा असतानाही माझा आवाज कापायचा. आणि ही इथे आडवी पडून, घामानं निथळत, आवाज न चढवता, काय हवं आणि काय मान्य आहे ते सांगत होती.

आम्ही चाललो. खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून खिडकीपर्यंत नऊ. कळ आली की ती माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकून लोंबायची. सगळं वजन माझ्यावर. माझा खांदा पुढे आठ दिवस निळा होता. मी तो बऱ्याच जणांना दाखवलाय. मधेच ती म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला. बाळाचं नको, माझं नको. दुसरं काहीतरी."

मला दुसरं काय येतं? मी म्हटलं, "दोर. पुली. प्रतिभार. ब्रेक. दाराचं कुलूप." ती श्वास सोडत राहिली. मी पुढे म्हणत गेलो. एकोणचाळीस कलमं झाली, की पुन्हा पहिल्यापासून. सावकाश, एकेका श्वासाला एक. मोठ्या सिस्टर ठोके ऐकायला आल्या तेव्हा मी 'खड्ड्यातील धक्काशोषक' या कलमावर होतो. त्यांनी ठोके ऐकले आणि मान डोलावली.

छोटी जन्मली त्या दिवशी मी कुठे होतो? एका सरकारी इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात, हातात विजेरी घेऊन. निरोप आला तेव्हा मी 'एवढं संपवून येतो' म्हणालो होतो. तेव्हा ते कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही. त्या खिडकीशी, तिचं डोकं माझ्या खांद्यावर असताना, पहिल्यांदा वाटलं.

मग एकदम सगळं बदललं. तिचा आवाज खोल गेला, पाय थरथरायला लागले. तिनं माझा सदरा मुठीत धरला आणि म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार."

या प्रसंगासाठी मी वहीत दोन पानं उत्तेजनपर वाक्यं लिहून आणली होती. एकही आठवेना. मी म्हटलं, "मला काही कळत नाही गं यातलं. पण मी इथंच आहे."

तिनं मान हलवली. मोठ्या सिस्टर वाकून म्हणाल्या, "जमणार नाही असं वाटलं ना? म्हणजे आलंच जवळ. कसं बरं वाटतंय, सांग."

"खाली."

"मग बस खाली."

आणि छोटी बसली. आमच्या ओट्याशी महिनोन्महिने बसत होती तशीच, उकिडवी. मी मागे स्टुलावर बसून तिच्या काखांतून हात घालून तिला धरलं होतं. सिस्टर समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, जणू भाजी निवडायला बसल्यात. त्या सांगत होत्या, "आता थांब. आता फुंक. आता लाव जोर." छोटी सगळं ऐकत होती. मला तिच्या चेहऱ्याची एक बाजू दिसत होती. इतकी ताकद लावणारा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यात भीती कुठेच नव्हती. मी रडत होतो की श्वास सोडत होतो, मला सांगता येणार नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी तिनं एक मोठ्ठा हुंकार दिला, आणि तिच्या सगळ्या अंगातला ताण एकदम सुटला, आणि कुणीतरी नवं माणूस खोलीत रडायला लागलं. छोटीनं हात पुढे करून ते उचलून छातीशी घेतलं. मग मान मागे टाकून माझ्या छातीवर टेकवली आणि हसली.

थोड्या वेळानं सिस्टरनी मला बाहेर पिटाळलं. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी जाऊन मी घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत हिनं उचलला.

"बाळंत झाली," मी म्हटलं. "सुखरूप. सलाईन नाही, काही नाही. काय सांगू तुला, ती कशी होती. डॉक्टरला कशी बोलली. मला तर वाटलं..."   हिनं मधेच विचारलं, "बाळ कसं आहे?"

"रडलं. छान रडलं."

"काय झालं? मुलगा की मुलगी?"

मी आठवून पाहिलं. खोली आठवली, सिस्टरचे हात आठवले, छोटीचा चेहरा आठवला. पुन्हा छोटीचा चेहरा आठवला.

"मी बघितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही आत होतात ना?"

"होतो की."

"मग काय बघत होतात एवढा वेळ?"

"छोटीला."

 पलीकडे हिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली. "आता जाऊन विचारून या. काही घाई नाही. मी फोन धरून ठेवते."